टिपलेलं वेळेवर सापडत नाही त्याचं काय? – माझा अनुभव

चित्रं पाहा, भरपूर वाचा, आजूबाजूला लक्ष ठेवा, म्हणजे सुचेल. हा सल्ला ज्याला त्याला दिला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. पाहून झालं, वाचून झालं, आवडलेलं टिपूनही झालं; आता लिहायला किंवा चित्र काढायला बसल्यावर त्यातलं नेमकं हवं ते हाताशी यायचं कसं, हे कुणी सांगत नाही. माझं सगळं तिथेच अडत होतं आणि या टप्प्याबद्दल इतकं कमी बोललं जातं याची चीड मला अजूनही येते. म्हणून सुरुवातीचं भराभर सांगते.

पुस्तक वाचताना ओळींखाली रेघा मारू नका. समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका द्या आणि पुढे जा. प्रकरण संपलं की मागे येऊन फक्त ठिपक्यांजवळच्या ओळी वाचा. ओघात जी वाक्यं नुसतीच छान वाटली होती, ती आता फिकी पडतात. जी अजूनही धरून ठेवतात तेवढीच वहीत उतरवा, विरामचिन्हांसकट आणि पान क्रमांकासह. हाताने उतरवताना क्रियापद कुठे आलं, लेखकाने श्वास कुठे घेतला हे कळतं. पानाचा फोटो काढून ते कळत नाही.

चित्रासमोर दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आपण ओळखीच्या वस्तू मनातल्या मनात मोजून मोकळे होतो, मग कंटाळा येतो. तो येऊ द्यायचा आणि जागचं हलायचं नाही. त्यानंतर उजेड कुठून येतोय, कडेला काय कापलं गेलंय, चित्रकाराने काय काढलंच नाही हे दिसायला लागतं. शेवटी पाठ फिरवून आठवेल तसं चित्र कागदावर मांडायचं. जिथे हात अडखळतो ती जागा पुन्हा जाऊन बघायची.

कानावर पडलेलं बोलणं शक्यतो तासाभरात लिहा. अर्थ दिवसभर टिकतो, शब्दांचा क्रम आधी विरतो, आणि बोलण्यातली सगळी मजा क्रमात असते. खिशात ए-फोर कागद तीनदा दुमडून ठेवला की आठ घरं मिळतात. एका घरात एकच गोष्ट. सोबत पेन्सिल हवी, कारण भिंतीला कागद टेकवून लिहिताना बॉलपेन थोड्या वेळात रुसतं. लिओनार्दो दा विंची शिकणाऱ्यांना डागाळलेल्या भिंतींकडे पाहत राहायला सांगायचा. त्या डागांत डोंगर, नद्या, लढाया दिसू लागतात म्हणून. हा सराव कुठेही करता येतो आणि त्याला काही सामान लागत नाही.

इथपर्यंत कुणाचंच फारसं अडत नाही. घोडं पेंड खातं ते यापुढे.

टिपणं साठतात. फोनमध्ये स्क्रीनशॉट, वहीत उतारे, खिशात चिठ्ठ्या. आणि कामाला बसलं की यातलं एकही आठवत नाही. आठवलं तर सापडत नाही. सापडलं तर हे का ठेवलं होतं तेच कळत नाही. मग माणूस पुन्हा नवीन गोळा करायला निघतो, कारण गोळा करणं सुखाचं असतं. टिपणांची ॲपं याच सुखावर चालतात: साठवायला एक बोट पुरतं, परत काढायला मात्र त्यांच्या शोधखान्यात बहुतेकदा तोच शब्द टाकावा लागतो जो तेव्हा लिहिला होता. चित्राच्या स्क्रीनशॉटमध्ये तर बहुतेक वेळा शब्दच नसतो. मला याचा मनस्वी वैताग आहे.

यात बिघाड दोन जागी असतो आणि दोन्ही वेगळे दुरुस्त करावे लागतात.

पहिला बिघाड नोंदीतच असतो. एक उदाहरण जवळून बघू. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं 1857 मधलं, लाकडी ठशांनी छापलेलं एक चित्र आहे: लाकडी पूल, अचानक आलेली सर, घाईने पूल ओलांडणारी माणसं. सर्वसाधारण नोंद अशी होते: ‘हिरोशिगे, पावसाचं चित्र, अप्रतिम.’ ही नोंद मेलेली आहे. सहा महिन्यांनी तिच्यातून फक्त एवढंच कळेल की आपल्याला काहीतरी आवडलं होतं. जिवंत नोंद अशी: ‘पाऊस म्हणजे बारीक काळ्या रेघा, दोन किंचित वेगळ्या तिरप्यांत. पलीकडचा काठ नुसता राखाडी. चेहरे जवळजवळ नाहीतच; छत्र्या आणि वाकलेल्या पाठी यांवरूनच सरीचा जोर कळतो. वापर: थंडी, भीती, ओझं दाखवायचं असेल तर चेहरा टाळून पाठ दाखवणं.’

म्हणजे प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: कुठे भेटलं, नेमकं काय अडकलं, आणि ते कशासाठी वापरता येईल. तिसरी ओळ लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि तीच सगळ्यात कामाची असते. ती सुचत नसेल तर नोंद करूच नका. कठोर वाटतं, पण त्यामुळे निम्मा कचरा दारातच थांबतो. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘भारी’ हे शब्द मी वहीत वर्ज्य ठेवले आहेत, कारण ते लिहिले की काम झाल्यासारखं वाटतं आणि नेमकं काय भावलं हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा बिघाड मथळ्यात. लोक नोंद चित्रकाराच्या, लेखकाच्या किंवा पुस्तकाच्या नावाखाली लावतात. ग्रंथालयासाठी ते बरोबर आहे. पण कामाला बसलेल्या माणसाला हिरोशिगे नको असतो, त्याला ‘पाठमोरा माणूस’ हवा असतो. मथळा देताना एकच प्रश्न विचारायचा: हे मला कोणत्या अडचणीत हवं असेल? वरच्या नोंदीला मी तीन मथळे देते: पाऊस, पाठ, रेघ. तीनच्या वर जात नाही. पाच-सहा मथळे दिले की प्रत्येक मथळ्याखाली गर्दी होते आणि शोधणं पुन्हा जड जातं.

आता हे मथळे शोधायचे कसे? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1686 मध्ये फ्रेंचमध्ये वहीतल्या नोंदींची सूची करायची एक पद्धत छापली होती. इंग्रजीत ती त्याच्या मृत्यूनंतर, 1706 मध्ये आली. शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, एवढ्यावर त्याने वहीची सूची दोन पानांत बसवली. ही पद्धत आपल्या बाराखडीला इतकी चपखल बसते की मराठीत वही ठेवणाऱ्याने दुसरं काही शोधूच नये.

आखणी अशी. वहीची पहिली तीन पानं सूचीला. एका पानावर दोन उभे रकाने, रकान्यात पाच अक्षरं, प्रत्येक अक्षराला पाच ओळी: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. म्हणजे रकान्याला 25 ओळी, आणि तीन पानांत 30 अक्षरं. पहिलं घर स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचं, उरलेली 29 व्यंजनांची. ङ, ञ, ण, ळ यांनी शब्द सुरू होत नाहीत, ती गाळायची. ष हा श मध्ये, क्ष हा क मध्ये, ज्ञ हा ज मध्ये. जोडाक्षराचं पहिलं व्यंजन आणि त्यावरचा स्वर धरायचा: ‘प्रकाश’ म्हणजे प, अ-आ. ऋकार मी उकारात घालते, त्यामुळे ‘मृगजळ’ म, उ-ऊ मध्ये सापडतं. ‘उजेड’ स्वरांच्या घरात, उ-ऊ च्या ओळीत.

लॉक प्रत्येक अक्षर-स्वराच्या जोडीला वहीत वेगळी पानं देत असे. इथे मी त्याचं ऐकत नाही. नोंदी येतील तशा सलग लिहायच्या, पानांना आधीच क्रमांक घालायचे, आणि सूचीच्या ओळीत मथळा आणि पान एवढंच: ‘पाऊस 8, 31, पाठ 8’. सलग लिहिण्याचा फायदा असा की ऐकलेल्या भांडणाशेजारी चित्रातला उजेड येऊन बसतो, आणि या शेजारातून कधी कधी तिसरंच काही सुचतं. सूचीत भर नोंद लिहिल्या लिहिल्या घालायची. ‘आठवड्याच्या शेवटी एकदम करू’ म्हटलं की वही तिथेच संपली.

खात्री करायची कसोटी साधी आहे. वही मिटवा, एखादी नोंद मनात आणा आणि ती पान चाळत न बसता सूचीतून काढून दाखवा. मिनिटभरात निघाली नाही तर मथळा चुकीचा आहे. तो खोडून, शोधताना तोंडात आधी आला तो शब्द घाला. हे मथळे हळूहळू आपल्या डोक्याच्या चालीने लागत जातात, आणि ज्या दिवशी हवी ती नोंद पटकन निघते त्या दिवशीचं समाधान वेगळंच असतं.

वापराबद्दल थोडक्यात, कारण सापडायला लागलं की वापर आपसूक सुरू होतो. एक नोंद, अर्धा तास, एक लहान कागद. नोंद गद्याची असेल तर बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात सांगितलेली रीत सोन्यासारखी आहे: आवडलेल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याची दोन-चार शब्दांत खूण करायची, काही दिवस जाऊ द्यायचे, मूळ न बघता खुणांवरून लेख पुन्हा लिहायचा आणि मग मुळाशी ताडून बघायचा. खुणांचे कागद मुद्दाम विस्कटून पुन्हा क्रम लावणं हा त्याचाच पुढचा भाग. रचना त्यातून शिकायला मिळते. चित्राची नोंद असेल तर दुसऱ्या माध्यमात नक्कल करा. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगेचं तेच पुलावरचं चित्र तैलरंगात काढलं: पाणी ब्रशच्या जाड फटकाऱ्यांचं झालं, रंग तीव्र झाले, भोवती जपानी अक्षरांची चौकट आली. माध्यम बदललं की हुबेहूब नक्कल होऊच शकत नाही, आणि जिथे होत नाही तिथे आपलं काहीतरी घालावं लागतं.

कागदाचं सांगायचं राहिलं. शाईपेनाने लिहिणार असाल तर 100 जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. 70 जीएसएमच्या कागदावर शाई मागे उमटते आणि पानाची मागची बाजू फुकट जाते. जलरंग लावायचे असतील तर 300 जीएसएमचे सुटे कागद वेगळे ठेवा, वहीत रंग भरू नका. पान लाटेसारखं वर येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे वही सजवण्यात वेळ जायला लागतो. कोऱ्या सुबक वहीपुढे हात आखडत असेल तर साधी घ्या.

आणि वही भरली की तिला क्रमांक द्या. नव्या वहीत जुन्या नोंदी उतरवत बसू नका. फक्त वारंवार लागणारे मथळे नव्या सूचीत आणा आणि पुढे वही-पान असं लिहा: ‘पाठ 1/8’.