गाडीवाटेवरची बँक : विनिपेगच्या चौकातली एक सकाळ

बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला परगावी गेल्यावरही बँकांच्या इमारतींकडेच पाहत राहण्याची खोड असते. विनिपेगला भाचीकडे गेलो तेव्हा तिने नद्यांचा संगम, संग्रहालय, बाजार अशी यादी तयार ठेवली होती. मी मात्र सप्टेंबरातल्या एका सकाळी स्वेटरवर जाकीट चढवून एकटाच बसने पोर्टेज ॲव्हेन्यू आणि मेन स्ट्रीट यांच्या चौकात उतरलो. कॅनडातला सर्वांत बोचऱ्या वाऱ्याचा चौक अशी त्याची ख्याती आहे. १९७९पासून तो पायी ओलांडायला बंदी होती आणि लोकांना जमिनीखालच्या गोल भुयारी मार्गाने फिरून जावे लागे. २०२५च्या जूनमध्ये अडथळे हटले, म्हणून मला हिरवा दिवा लागल्यावर सरळ रस्ता ओलांडून बँक ऑफ माँट्रियलच्या जुन्या इमारतीसमोर उभे राहता आले.

ओलांडताना पहिल्यांदा जाणवते ती रस्त्याची रुंदी. हे दोन्ही रस्ते १३२ फूट रुंद आखले गेले, कारण मुळात ती मेटी लोकांची गाडीवाट होती. फ्रेंच आणि स्कॉटिश फर-व्यापारी व इथल्या आदिवासी स्त्रिया यांच्या वंशातून घडलेला हा समाज रेड नदीच्या काठी राहत असे आणि दोन मोठ्या चाकांच्या लाकडी गाड्यांतून माल नेत असे. त्या गाडीत लोखंडाचा खिळासुद्धा नसे. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात, पण हे लोक ते टाळत, कारण गवताळ माळावरची धूळ वंगणाला चिकटून आखच झिजला असता. त्यामुळे गाड्यांची करकर मैलभर आधी ऐकू येत असे. चिखल चुकवण्यासाठी या गाड्या एकामागून एक न जाता शेजारी शेजारी चालत आणि वाट रुंदावत जाई.

१८८१मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आली, १८८७मध्ये धान्य बाजार स्थापन झाला आणि गव्हाचा पैसा या वाटेवर येऊन थांबू लागला. शेतकऱ्याला पेरणीला कर्ज हवे, व्यापाऱ्याला सुगीत रोकड हवी, म्हणून पूर्वेकडच्या बँका मेन स्ट्रीटवर एकापाठोपाठ एक येऊन बसल्या. १९०१ ते १९११ या दहा वर्षांत शहराची वस्ती सुमारे ४२,००० वरून १,३६,००० वर गेली. याच रस्त्यावर १९०४मध्ये युनियन बँकेचा उंच मनोरा उभा राहिला. आज तिथे पाकशास्त्राचे महाविद्यालय आहे. बँक ऑफ माँट्रियलने मात्र चौकच पकडला. न्यूयॉर्कच्या मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुविशारदांकडून आराखडा करवून घेतला आणि १९१३मध्ये इमारत पूर्ण केली.

दर्शनी बाजूला कॉरिंथियन शैलीचे प्रचंड खांब आहेत. त्यांच्या माथ्यावरची दगडी पाने पाहताना मान दुखू लागते, आणि खाली तळखड्यावर हात ठेवला की उन्हातही तो दगड फरशीसारखा गार लागतो. एवढा थाट कशासाठी, हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती. ठेव विमा आपल्याकडे १९६२मध्ये आला, कॅनडात तर १९६७मध्ये. त्याआधी ठेवीदाराला विश्वास वाटावा असे दाखवण्याजोगे बँकेकडे काय होते, तर दगड. अर्थात दगड कुणाला वाचवत नाही. १९२३च्या ऑगस्टमध्ये होम बँक बुडाली आणि प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या गवताळ मैदानी मुलखातल्या, कितीतरी लोकांची पुंजी तिच्यात अडकली. त्याच वर्षी इथे दारासमोर पहिल्या महायुद्धात पडलेल्या बँक-कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराने घडवलेला सैनिकाचा कांस्यपुतळा बसला. आतले सोन्याच्या वर्खाचे छत मला पाहता आले नाही. आत बँक राहिलेली नाही.

आणि मी ज्यासाठी आलो होतो ते इथेच आहे. २०२०मध्ये ही इमारत मॅनिटोबा मेटी फेडरेशनने विकत घेतली आणि तिथे रेड रिव्हर मेटींचे वारसा केंद्र करायचे ठरवले. ज्यांच्या गाड्यांनी ही वाट पाडली त्यांचेच वंशज आता तिच्या नाक्यावरच्या बँकेचे धनी आहेत. याची खरी गंमत, किंवा खरी जखम, समजायला मेन स्ट्रीटने दक्षिणेला थोडे चालावे लागते. तिथे अपर फोर्ट गॅरी किल्ल्याचा एक दगडी दरवाजा तेवढा शिल्लक आहे. हडसन्स बे कंपनी या फर-व्यापार करणाऱ्या ब्रिटिश कंपनीने हा सारा प्रदेश तिथल्या रहिवाशांना न विचारता कॅनडाला विकायला काढला, तेव्हा नोव्हेंबर १८६९मध्ये लुई रिएलच्या नेतृत्वाखाली मेटींनी हा किल्ला ताब्यात घेतला. त्यांच्याशी बोलणी करायला कॅनडाने ज्याला पाठवले तो डोनाल्ड स्मिथ, कंपनीचाच अधिकारी. १८७०च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत त्याने किल्ल्याच्या आवारात उघड्यावर जमावासमोर भाषणे केली. तडजोडीतून मॅनिटोबा प्रांत झाला आणि मेटी मुलांसाठी १४ लाख एकर जमीन देण्याचे कायद्यात लिहिले गेले. वाटप इतके रेंगाळले की तोवर बाहेरचे वसाहतकार येऊन बसले होते. सरकारने हे काम नेटाने केले नाही, असा निवाडा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०१३मध्ये.

हाच स्मिथ पुढे १८८७ ते १९०५ बँक ऑफ माँट्रियलचा अध्यक्ष होता. त्याआधी, ७ नोव्हेंबर १८८५ रोजी, कॅनेडियन पॅसिफिकचा देशभरचा लोहमार्ग पूर्ण करणारा शेवटचा खिळा त्यानेच ठोकला होता. कर्जाच्या फाइली वाचण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला दोन तारखा शेजारी मांडून बघायची सवय असते, म्हणून दुपारी पादचारी पूल ओलांडून मी सेंट बोनिफेसच्या चर्चच्या आवारात गेलो. पुलाचे नावही रिएलच्याच नावावरून आहे. थडग्याचा दगड साधा आहे. त्यावर ‘रिएल’ एवढेच नाव आणि १८८५च्या दुसऱ्या उठावानंतर राजद्रोहाबद्दल त्याला फाशी दिली तो दिवस कोरलेला आहे : १६ नोव्हेंबर १८८५.