कोयत्यापासून दमास्कस सुरीपर्यंत: आमची वाटचाल

आमचं मूळ गिऱ्हाईक द्राक्षबागायतदार. बाबा नाशिकमधल्या सातपूरच्या शेडमध्ये विळे, कोयते करायचे, छाटणीच्या कात्र्यांना धार लावून द्यायचे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, या दोन हंगामांत जेवायला फुरसत नसे. बाकी वर्ष उधारी वसूल करण्यात जाई. मी डिप्लोमा करून शेडवर बसलो तोवर तयार माल स्वस्त झाला होता आणि आमचे कोयते खुंटीलाच लटकत होते.

दमास्कसचा, म्हणजे पदरापदरांच्या नक्षीदार पोलादाचा, नाद मला लागला. बाबांना तो शुद्ध रिकामटेकडेपणा वाटला.

काम असं: दोन जातींचं पोलाद घ्यायचं. 1095, यात सुमारे 0.95 टक्के कार्बन. आणि 15एन20, यात साधारण 2 टक्के निकेल. एकाआड एक 13 पट्ट्या रचायच्या, टाकणखार (बोरॅक्स) टाकून भट्टीत पिवळ्याधमक करायच्या आणि घणाखाली एकजीव करायच्या. मग लांबवून, कापून, पुन्हा एकावर एक. दर वेळी पदर दुप्पट, म्हणजे चार वेळा दुमडलं की 13 चे 208. शेवटी पातं फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे धातू खाणाऱ्या द्रावणात, बुडवलं की 1095 काळं पडतं, निकेलवालं उजळ राहतं आणि लाटा दिसायला लागतात.

पहिल्या पात्याला तेलात पाणी दिलं, म्हणजे तापवून कडक व्हायला तेलात बुडवलं, आणि कडेला केसाएवढी रेघ दिसली. पदर सुटला होता. पट्ट्यांवरची खपली घासायचा मी कंटाळा केला होता, ती आत अडकली. आई म्हणाली, "पोळीला पदर सुटले की कौतुक, तुझ्या सुरीला सुटले की बोंब!" बाबा काहीच बोलले नाहीत. ते पातं त्यांनी ऐरणीवर हलकेच आपटलं. बद्द वाजलं. तेव्हापासून प्रत्येक पातं आधी त्यांच्या कानाखालून जातं.

गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलातल्या शेफनी पहिली सुरी घेतली आणि आठवड्यात परत आणली. लिंबू चिरून तशीच ठेवली होती, डाग पडले होते. चूक आमचीच. हे पोलाद स्टेनलेस नाही, चिरून झालं की लगेच धुवून पुसायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. आता पिशवीत तशी चिठ्ठी असते.

लोक नक्षीवर भाळतात. मी म्हणतो, सुरी उलटी धरा आणि पाठ बघा. रेघा पाठीवरूनही आरपार गेल्या पाहिजेत. नुसती वरून छापलेली नक्षी पॉलिश पेपरने घासली की जाते ती जातेच. खरी पुन्हा बुडवली की परत येते. आणि धार नक्षीने येत नाही, ती पाणी बरोबर बसल्यावर येते. लोहचुंबक चिकटायचा थांबला की थोडं आणखी तापवून तेलात, मग 200 अंशांवर दोन तास. इथे चुकलात तर 208 पदर शोभेचेच.

"हेच का ते जुनं दमास्कस?" असं विचारणारेही येतात. नाही. ते दक्षिण भारतात मुशीत वितळवलेल्या पोलादाचं, त्याची नक्षी धातूच्या आतूनच उमटायची. आमचं घडी घालून केलेलं. हे ऐकून दोघे-तिघे न घेता गेले, जाऊ देत.

सध्या महिन्याला चार-पाच सुऱ्या होतात. ऑक्टोबरात मात्र ऑर्डर घेत नाही. तेव्हा शेडच्या दारात कात्र्या घेऊन बागायतदारांची रांग असते.