तुम्ही विचारलंत म्हणून: क्लबाचा कॅमेरा

युगोस्लाव्हियातल्या हौशी सिनेमांबद्दल मी कुठेही बोलले, की शेवटी एक हात वर होतोच. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो. देश समाजवादी, सत्ता एकाच पक्षाची, कॅमेरा सरकारी पैशाचा, फिल्मही त्याच पैशाची; मग असले प्रयोगशील सिनेमे त्यांना करू कसे दिले? गेल्या महिन्यात पुण्यात एका छोट्या गटाला तिथल्या गोतोवाट्स या दिग्दर्शकाची ट्राममधून काढलेली फिल्म दाखवली, तेव्हा एका मुलीने हेच विचारलं आणि वर म्हणाली, "की लपूनछपून केले, मॅडम?" मी घाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते उत्तर मलाच पुरेसं वाटलं नाही, म्हणून आता नीट सांगते.

लपूनछपून नाही केले. उघड, क्लबाचं सभासद होऊन, क्लबाच्या कॅमेऱ्याने केले.

१९४६ मध्ये, युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं असताना, तिथे 'नारोद्ना तेहनिका' नावाची संघटना निघाली. नावाचा अर्थ 'लोकांचं तंत्र'. देश बेचिराख झालेला, बहुतेक माणसं शेतीवर जगणारी, आणि नव्या राजवटीला तर कारखाने उभे करायचे होते. यंत्राला साध्या माणसाचा हात लागावा, त्याची भीड चेपावी, एवढा तो हेतू. रेडिओ जोडायला शिका, फोटो धुवायला शिका, मॉडेलं बनवा. त्याच यादीत फिल्मही होती. किनो-क्लब, म्हणजे हौशी फिल्म क्लब, या संघटनेच्या छत्राखाली वाढले. क्रोएशियातल्या झाग्रेब शहराचा क्लब तर युद्धाच्याही आधीचा, फोटो-क्लबाच्या १९२८ मधल्या फिल्म विभागातून आलेला. स्प्लिटचा १९५२ मधला. राजधानी बेलग्रेडमध्ये एक क्लब होताच, १९५८ मध्ये तिथे विद्यार्थ्यांचा वेगळा निघाला.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सरकारच्या लेखी ही कला नव्हतीच. हे तंत्रशिक्षण होतं. मोठ्या स्टुडिओतल्या चित्रपटावर सगळ्यांचं लक्ष असे, कारण तो हजारो लोक बघणार, त्यात पैसा आणि प्रतिष्ठा गुंतलेली. कुणा डॉक्टरने किंवा विद्यार्थ्याने रविवारी काढलेल्या पाच मिनिटांच्या फिल्मकडे त्या नजरेने कोण बघणार? आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत 'हौशी' हा शब्द किती मानाने आणि किती सहज वापरला जातो, ते आठवा. दिवसभर बँकेत किंवा वीज मंडळात काम करायचं आणि संध्याकाळी तालमीला जायचं. स्पर्धा सरकारी, म्हणून नाटकही सरकारी, असं आपल्या मनात येत नाही. तिथल्या क्लबांकडेही असंच बघायला हवं.

दुसरं कारण १९४८ मधलं. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो आणि स्टालिन यांची फारकत झाली आणि मॉस्कोच्या साच्यातली कला हीच खरी, हा आग्रह पुढच्या काही वर्षांत सैल पडला. पश्चिमेकडचे चित्रपट येऊ लागले. बेलग्रेडला कोसोव्स्का रस्त्यावर किनोतेका म्हणजे तिथल्या फिल्म संग्रहालयाचं थिएटर होतं, आणि जगभरचा सिनेमा तिथे बघायला मिळे. बेलग्रेडच्या क्लबातली मुलं तिथेच घडली. दुशान माकावेयेव मानसशास्त्र शिकलेला, झिवोयिन पाव्हलोविच चित्रकलेतला, बरोबर मार्को बाबाट्स आणि कोकान राकोन्याट्स. माकावेयेवच्या १९५८ मधल्या एका छोट्या फिल्मचं नाव आहे 'स्मारकांवर भरवसा ठेवू नये'. एक तरुणी पुतळ्याला प्रेमाने जागं करू बघते; दगड तो दगडच राहतो. चौकाचौकात स्मारकं उभारणाऱ्या देशात त्याने हे नाव दिलं, आणि दिलं ते हौशी क्लबात बसून.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो झाग्रेबचा डॉक्टर. मिहोव्हिल पान्सिनी. कान-नाक-घशाचा तज्ज्ञ. १९६२ मध्ये झाग्रेबच्या क्लबात त्याने आणि त्याच्या मित्रांनी चर्चा सुरू केल्या, विषय होता 'अँटिफिल्म आणि आपण'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमा म्हणजे दिग्दर्शकाने मनातलं काही प्रेक्षकाला सांगणं, हे सोडून देऊ. फिल्म ही शोध घेण्याची कृती असू दे. करणाऱ्याने स्वतःला जितकं मागे घेता येईल तितकं घ्यावं. हे नुसतं बोलून तो थांबला नाही. १९६३ मधल्या एका फिल्ममध्ये त्याने भिंगातून न बघता, कॅमेरा पाठीमागे रोखून शहरातून चालत चित्रण केलं. दुसऱ्या एका फिल्मचं नाव 'के-३, किंवा निरभ्र आकाश'. तिच्यात पडद्यावर जवळजवळ नुसता उजेड आहे, किंचित रंग बदलणारा. पहिल्यांदा बघताना मी अस्वस्थ झाले होते. नंतर लक्षात आलं, की हा माणूस दिवसभर रोग्याचं ऐकून घेतो आणि आपलं मत बाजूला ठेवून तपासतो. ती सवय त्याने कॅमेऱ्यात आणली. हा माझा अंदाज आहे, पण तो मला पटतो.

त्याच वर्षी झाग्रेबला 'गेफ' हा प्रयोगशील चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला. १९६३, १९६५, १९६७ आणि १९७० असे चारच झाले, पण विषय बघा: पहिल्याचा अँटिफिल्म, तिसऱ्याचा 'सायबरनेटिक्स आणि सौंदर्यशास्त्र', चौथ्याचा 'नव्या मानवतावादाकडे जाण्याची शक्यता म्हणून लैंगिकता'. हे हौशी लोकांनी ठरवलेले विषय आहेत!

तोमिस्लाव्ह गोतोवाट्सची 'एका फॉनची सकाळ' (फॉन म्हणजे पुराणकथेतला अर्धा माणूस, अर्धा बोकड) १९६३ मधलीच. तिचे भाग तीन: इस्पितळाच्या गच्चीवरचे रोगी, पोपडे आलेली भिंत, आणि रस्ता ओलांडणारी माणसं. बस. पुढच्या वर्षी बेलग्रेडला विद्यार्थ्यांच्या क्लबातून त्याने तीन फिल्मा केल्या. एकीत कॅमेरा ट्रामच्या पुढच्या काचेशी, आणि रूळ नेतील तसं शहर समोरून येत राहतं. ही त्याची 'सरळ रेषा'. दुसरीत कॅमेरा हातात धरून कॅफेंमधून फिरला. तिसरीत उंच इमारतीवर उभं राहून त्याने कॅमेरा गोल गोल फिरवला, प्रत्येक फेरीला थोडा वर, आणि ती झाली 'वर्तुळ'. पुण्यातल्या मुलांना 'सरळ रेषा' दाखवताना पहिली दोन मिनिटं खुर्च्यांचे आवाज येतात, मग थांबतात. दर वेळी थांबतात.

ही साधी योजना गरिबीतूनही आलेली आहे, हे विसरू नये. १६ मिलिमीटरचं १०० फुटी रीळ सेकंदाला २४ चौकटींनी पावणेतीन मिनिटांत संपतं. किल्लीच्या कॅमेऱ्याला एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालतो. हातात एवढंच असताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे आधी डोक्यात पक्कं लागतं.

आता दुसरी बाजू, कारण मी सांगितलं ते ऐकून तिथे सगळं मोकळंच होतं असं वाटेल. तसं नव्हतं. पाव्हलोविच, राकोन्याट्स आणि बाबाट्स यांनी क्लबाबाहेर पडून १९६३ मध्ये 'शहर' हा चित्रपट केला, तेव्हा सारायेव्होच्या न्यायालयाने त्यावर बंदी घातली. नोव्ही सादच्या क्लबातून आलेल्या झेलिमिर झिल्निकचा 'सुरुवातीचं लेखन' हा चित्रपट १९६९ मध्ये कोर्टात गेला. झिल्निक कायदा शिकलेला. त्याने स्वतः बाजू मांडली, चित्रपट सुटला आणि त्याच वर्षी बर्लिनला सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. तरी ऑगस्टमध्ये 'बोर्बा' या राजवटीच्या दैनिकात अशा चित्रपटांवर 'काळी लाट' असा शिक्का मारणारा लेख आलाच. आणि लाझार स्टोयानोविच? त्याने १९७१ मध्ये फिल्म अकादमीतल्या पदवीसाठी केलेल्या चित्रपटात टिटोच्या चित्रणाजवळ युद्धातल्या शत्रूंची जुनी चित्रणं लावली. त्यात प्रमुख भूमिका गोतोवाट्सने केली होती. स्टोयानोविच तुरुंगात गेला, त्याच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, आणि चित्रपट १९९० पर्यंत कुणी पाहिला नाही.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं आहे, की त्यांना 'करू दिलं' हा शब्दच पुरता लागू होत नाही. यंत्र हातात दिलं, शिकवलं, आणि जोवर ते छंदाच्या खोलीत होतं तोवर फारसं डोकावलं नाही. डोकावत नाहीत हे या माणसांनी ओळखलं, आणि त्या खोलीत त्यांनी जीव तोडून काम केलं. कुणाला ते बंडखोर वाटतात. मला ते त्याहून मोठे वाटतात, कारण तपासनीस नसतानाही त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

'हौशी' या शब्दाची किंमतही त्यांनी मोजली. छंद म्हणून केलेलं काम कोण जपून ठेवतो? यातल्या पुष्कळ फिल्मा रिव्हर्सल जातीच्या. म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली पट्टी धुऊन तीच पडद्यावर दाखवायची, निगेटिव्ह नाही. प्रत्येक खेळाला मूळ पट्टीवरच ओरखडे. क्रोएशियाच्या फिल्म संघाने, जो १९६३ मध्ये क्लबांचाच संघ म्हणून निघाला, यातल्या कितीतरी दुरुस्त करून परत दाखवल्या, म्हणून आज मी पुण्यात दाखवू शकते.

आणि क्लबात बायका थोड्या. झाग्रेबच्या तात्याना इव्हांचिचने १९६९ मध्ये 'काचेतलं शहर' केली, दुकानांच्या काचांमध्ये पडलेलं शहराचं प्रतिबिंब. ती मी त्या दिवशी दाखवली नव्हती, वेळ संपला म्हणून शेवटून काढली. पुढच्या वेळी तिच्यापासूनच सुरुवात करणार आहे. त्या मुलीने जरूर यावं.