हप्त्याहप्त्यानं हरिभाऊ

माझं वाचन बहुतेक अलीकडचंच. 'कोसला' १९६३ ची, म्हणजे तीही साठी ओलांडून बसली, पण मला ती नवीच वाटते. लहान प्रकरणं आणि अर्ध्यावर सोडलेली संभाषणं यांची एकदा सवय लागली की एकोणिसाव्या शतकातलं गद्य पचायला जड जातं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' मी आधी हातात घेऊन तशीच ठेवून दिली होती.

यंदा पुन्हा घेतली, परभणीतल्या आमच्या वाचनालयातून. खिळखिळी बांधणी, कडांना कसरीनं पाडलेली भोकं. एका पानाच्या समासात कुण्या जुन्या वाचकानं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, 'पोरीला कुणीतरी सावध करा.' ग्रंथपालकाका म्हणाले, "सावकाश आणा. हिला दुसरं कुणी मागत नाही."

ही कादंबरी मुळात हरिभाऊंच्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. आठवडाभर वाट पाहणाऱ्यांसाठी लिहिलेलं आपण एका दमात वाचायला बसलो की 'मागे सांगितलेच आहे' हे वाक्य डोक्यात जाणारच. म्हणून ठरवलं, रात्री एकच प्रकरण वाचायचं आणि तेही मोठ्यानं. आई ज्वारी निवडत ऐकायची.

मोठ्यानं वाचण्यानं फार फरक पडला. डोळ्यांना अडखळायला लावणारी लांबलचक वाक्यं तोंडात बसली, कारण सगळी गोष्ट नायिका यमू स्वतःच सांगते. आपल्या शेजारी बसून माहेरचं-सासरचं काढावं, तसंच. आईला मात्र सगळंच आवडलं असं नाही. उपदेश सुरू झाला की ती म्हणायची, "हे सोड, मंग पुढं काय झालं ते वाच." मीही मग परिच्छेदच्या परिच्छेद गाळले; हरिभाऊंनी माफ करावं. केशवपनाच्या प्रकरणाला मात्र तिचा हात सुपातच थांबला. "माझ्या आजीच्या डोक्यावर कायम पदर असायचा," एवढंच बोलली आणि उठून गेली. त्या रात्री पुढं वाचलं नाही.

'आता तसं लिहिणारे राहिले नाहीत' असं म्हणणाऱ्यांशी माझं काही जमत नाही. यमूचं जग पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांचं. त्या वेळी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आमच्या काळ्या रानातली माणसं तिथं सापडणार कशी? ती सापडली आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'मध्ये. ते परभणीचेच, आणि या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली कथा आईला वाचून दाखवली तर तिनं मला एकदाही थांबवलं नाही. लेखकानं न बोलता सोडलेलं तिला बरोबर कळत होतं. ही कथा मात्र हप्त्यानं वाचता येत नाही, एका बैठकीतच संपवावी लागते.

आता बी. रघुनाथांची 'आडगावचे चौधरी' आणणार आहे. ते याच जिल्ह्याचे, आणि त्यांचं लेखन बरंचसं निजामी राजवटीतलं.

कुणाला यमूची गोष्ट वाचायची असेल तर बारीक टाइपाच्या जुन्या प्रतीच्या नादी लागू नका. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे पुस्तकाचे हक्क केव्हाच खुले झालेत. ठळक अक्षरांची प्रत मिळाली तर ती घ्या. फक्त ती संक्षिप्त नाही ना, तेवढं पाहा. काय गाळायचं ते आपलं आपण ठरवावं.