काचेवरचे शहर : आमची वाटचाल

शहरातल्या जुन्या रस्त्यांची आणि इमारतींची छायाचित्रे मूळ प्रतीवरून जशीच्या तशी उतरवून देणे, हा आमचा व्यवसाय आहे. आम्ही ती सुंदर करून देत नाही, हे आधीच सांगितलेले बरे; कारण गिऱ्हाइकांशी आमचे जे काही खटके उडाले, त्यांतले निम्मे तरी याच मुद्द्यावरून उडाले आहेत. आकाश पांढरे असेल तर ते आम्ही पांढरेच ठेवतो, आणि रस्त्यावरून गेलेल्या घोडागाडीचा नुसता धुरकट पट्टा उमटला असेल तर तो पुसत नाही. तो पट्टा म्हणजे छायाचित्रकाराने भिंग किती वेळ उघडे ठेवले होते याचा पुरावा असतो, आणि पुरावा पुसण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

सुरुवात दोघांनी केली. माझे ज्येष्ठ भागीदार, ज्यांना सगळेच मास्तर म्हणत, त्यांच्याकडे भात्याचा एक लाकडी कॉपी कॅमेरा होता आणि माझ्याकडे उत्साहाखेरीज फारसे काही नव्हते. त्या कॅमेऱ्याविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. मूळ छायाचित्र उभ्या फळीवर लावायचे, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे सोडायचे आणि मागच्या दुधी काचेवर प्रतिमा नीट बसवायची, एवढे कोणीही शिकतो. पण फळी आणि भिंग एकमेकांना अगदी समांतर आहेत की नाहीत, हे मास्तर मोजपट्टीने कधीच पाहत नसत. ते फळीच्या मध्यावर एक छोटा सपाट आरसा टेकवून ठेवत आणि आरशात दिसणारे भिंगाचे प्रतिबिंब दुधी काचेच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवत राहत. ही खातरजमा झाल्याशिवाय इमारतीच्या उभ्या रेषा तिरक्या आल्या तर दोष मूळ छायाचित्रकाराचा की आपला, हे कळायला मार्ग नसतो. आज आमच्याकडे डिजिटल कॅमेऱ्याचा कॉपी स्टँड आहे, पण आरसा तोच आहे.

काचेच्या निगेटिव्हबद्दल मला जे काही समजते, तेही मास्तरांमुळेच. प्लेट हातात आली की ती प्रथम उजेडात तिरकी धरायची : चकचकीत दिसते ती काचेची बाजू, मंद दिसते ती थराची, म्हणजे प्रतिमा ज्यात उमटते त्या लेपाची. थर कडेला असमान ओघळलेला असेल, एका कोपऱ्यात प्लेट धरल्याची खूण असेल आणि रंग दुधाळ पिवळसर असेल, तर ती ओल्या कलोडियनची (काचेवर ओतायच्या चिकट द्रावणाची), म्हणजे फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची. थर कडेपर्यंत एकसारखा असेल, तर बहुधा कारखान्यातली जिलेटिनची कोरडी प्लेट, जिची वाट रिचर्ड लीच मॅडॉक्स यांच्या 1871 मधल्या प्रयोगाने मोकळी केली. रस्त्याच्या चित्राच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण ओली प्लेट ओली असतानाच टिपून तिथल्या तिथे धुवावी लागे. म्हणजे छायाचित्रकार अंधारकोठडीचा तंबू घेऊनच चौकात उभा राहत असे, आणि मुख्य म्हणजे प्रकाश देण्याचा वेळ सेकंदांत असल्याने चालती माणसे त्या चित्रांत सहसा सापडत नाहीत. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई डागेर यांनी 1838 मध्ये टिपलेल्या पॅरिसच्या बुलेव्हार्ड द्यु ताम्पलच्या दृश्यात सारी वर्दळ अशीच नाहीशी झाली आहे आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उरला आहे. जुना रस्ता ओस दिसला म्हणून ‘त्या काळी किती शांतता होती’ असे उसासे टाकणाऱ्यांना मी ही गोष्ट न विचारता सांगतो, आणि ते त्यांना आवडत नाही.

या व्यवसायाची परंपरा मोठी आहे, याचा मला अभिमान आहे. शार्ल मारव्हिल यांना 1862 मध्ये पॅरिस शहराचे अधिकृत छायाचित्रकार नेमले गेले आणि पाडल्या जाणाऱ्या अरुंद गल्ल्या त्यांनी टिपून ठेवल्या. थॉमस अ‍ॅनन यांनी ग्लासगोच्या जुन्या बोळांची चित्रे 1868 ते 1871 या काळात घेतली, तीही सुधारणा मंडळ ती वस्ती पाडण्याच्या तयारीत असताना. लंडनमध्ये एक जुनी सराई पाडली जाणार म्हणून 1875 मध्ये खास संस्थाच स्थापन झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिने जुन्या वास्तूंची 120 चित्रे काढून घेतली; ती टिकावीत म्हणून कार्बन पद्धतीने छापून घेण्याचा शहाणपणाही दाखवला. पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते फ्रेंच छायाचित्रकार यूजीन अ‍ॅत्जे. 18 बाय 24 सेंटिमीटरच्या काचा पाठीवर वाहून नेत त्यांनी पॅरिसचे कोपरे, जिने आणि दुकानांच्या दर्शनी बाजू टिपल्या आणि चित्रकारांना, नेपथ्यकारांना, ग्रंथालयांना विकल्या. आज त्यांना कलावंत म्हणतात. त्यांनी स्वतः मात्र दारावर ‘कलाकारांसाठी दस्तऐवज’ असे लिहिले होते. ते आमच्यासारखेच दुकानदार होते.

मधली पुष्कळ वर्षे काम नियमित आले, नियमित गेले. त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

मग एक प्रतिस्पर्धी आला. नाव लिहिणार नाही, जाणकार ओळखतीलच. जुन्या शहराच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी भिंतभर आकाराच्या प्रती करायच्या होत्या. नमुन्याच्या प्रती आम्हीही दिल्या होत्या. पण आमच्या प्रतींत तारांचे जाळे होते, पाटीवरचा तडा होता, काचेला गेलेली भेग होती, आणि त्यांच्या प्रतींत यांपैकी काहीच नव्हते. निवड समितीने ‘स्वच्छ’ प्रती पसंत केल्या. विजेच्या तारा पुसल्या म्हणजे ट्राम विजेवर धावू लागल्यानंतरचा रस्ता तिच्याआधीचा वाटू लागतो, आणि चित्राचा काळ ठरवण्याचे एक हमखास साधनच नाहीसे होते, हे मी सांगून पाहिले. ‘प्रेक्षकांना तारा बघायच्या नसतात,’ असे उत्तर मिळाले.

याहून मोठी गोष्ट प्रदर्शन उघडल्यावर लक्षात आली. मनोऱ्याची एक इमारत, जी फार पूर्वी पाडली गेली आहे, तिची प्लेट त्यांनी उलट्या बाजूने स्कॅन केली होती. प्लेट उलटी धरली की सबंध दृश्य आरशातल्यासारखे फिरते, हे धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असते, आणि दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्यावर ते त्यांच्याही ध्यानात आले असणार. पण अख्खी प्रतिमा सुलट करण्याऐवजी त्यांनी संगणकावर फक्त पाट्या सुलट केल्या. अक्षरे बरोबर वाचता येत होती आणि शहर उलटे होते! मनोरा डावीकडचा उजवीकडे गेला होता, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या साऱ्या पुरुषांच्या कोटांची बटणे एकजात चुकीच्या बाजूला होती.

हे प्रथम ओळखले ते आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाने. ते निवृत्त भूमापक होते आणि काचेच्या प्लेटांचा संग्रह त्यांच्या घराण्यात चालत आलेला होता. ती प्लेटही त्यांचीच, आयोजकांनी विश्वासाने मागून नेलेली. जुन्या मोजणी-नकाशावर बोट ठेवून त्यांनी दाखवले, की इमारतीलगतच्या बोळाचे तोंड दुसऱ्या बाजूला हवे. प्लेट परत आल्यावर आम्ही ती लाइट बॉक्सवर ठेवली. छायाचित्रकाराने थरावर टोचणीने कोरलेला क्रमांक कडेला होताच. छापल्यावर सुलट वाचता यावा म्हणून असा क्रमांक थरावर उलटा कोरतात. प्लेटची काचेची बाजू आपल्याकडे केली, की तो सुलट दिसतो आणि त्याबरोबर इमारतही. प्रतिस्पर्ध्याच्या प्रतीत क्रमांकाची ती कड कापून टाकलेली होती. भूमापकांनी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. पोहोच आली, उत्तर आले नाही.

त्या प्रदर्शनानंतर बाकीची कामेही ‘स्वच्छ’ प्रतींकडे वळू लागली, आणि त्याच सुमारास दुसरा घाव बसला. 2005 मध्ये कृष्णधवल छपाईच्या कागदाच्या एका फार मोठ्या उत्पादकाने ते उत्पादनच थांबवले. उरलेला कागद आम्ही शीतकपाटात जपून वापरला, दुसऱ्या बनावटीचे कागद आणून पाहिले. पण काळ्याची ती खोली आणि करड्या छटांची ती उतरण जुळवण्यात प्रत्येक प्रतीमागे कागद वाया जाऊ लागला. मास्तरांची नजर अधू होत होती. त्यांच्या एका केसाच्या ब्रशने चालणाऱ्या स्पॉटिंगला, म्हणजे छापावरचे ठिपके बुजवण्याच्या कामाला, आता गिऱ्हाईक नव्हते. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रत छापायचे यंत्र, विकायला काढला, तर लोक तो शोभेसाठी मागू लागले. दुकान बंद करावे, असे आम्ही दोघांनी जवळजवळ ठरवलेच होते.

तेव्हा भूमापकांनी आपला सगळा संग्रह आमच्यावर सोपवला. अट अशी, की प्रत्येक प्लेट दोन्ही बाजूंनी टिपायची, चारही कडा दाखवायच्या, काही कापायचे नाही, काही पुसायचे नाही, आणि मोबदल्यातला बराच भाग ते आगाऊ देणार. त्या पैशांतून डिजिटल कॅमेरा आला, ध्रुवण फिल्टर आले, ज्यांच्यामुळे रुपेरी झाक चढलेल्या जुन्या छापांवरची चकाकी मारता येते. मास्तरांनी पडद्याकडे कधी मान वळवून पाहिले नाही. मात्र प्रत्येक प्लेट तेच हाताळत, आणि कोणती बाजू वर ठेवायची हे तेच सांगत. आज जी ग्रंथालये आणि जे वास्तुविशारद आमच्याकडे येतात, त्यांच्यापर्यंत आमचे नाव त्या संग्रहाच्या सूचीमुळे पोहोचले.

विषय निघालाच आहे, तर दोन शब्द घरी जुनी चित्रे असणाऱ्यांसाठी. काचेच्या प्लेटा एकीवर एक आडव्या रचू नका. वजनाने खालच्या फुटतात. त्या लांब कडेवर उभ्या ठेवा, प्रत्येकीला आम्लरहित कागदाचे वेगळे पाकीट द्या. थराची बाजू पुसायला जाऊ नका, ओल्या फडक्याने तर मुळीच नाही. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, तर ती अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे; तो डबा बाकीच्यांपासून लगेच दूर करा. जुनी नायट्रेट फिल्म असेल तर ती विस्तवाजवळ किंवा बंद कोंदट कपाटात ठेवू नका, कारण ती भयंकर पेट घेते. छापाच्या मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने लिहा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत टाकून देऊ नका. संगणकातल्या फाइली आम्ही जितक्या वेळा हरवलेल्या पाहिल्या आहेत, तितक्या वेळा काच फुटलेली पाहिलेली नाही.

अलीकडे लोक चित्र रंगीत करून मागतात. यंत्र आता क्षणात रंग भरते, हे खरे. पण सुरुवातीच्या प्लेटांना निळा आणि अतिनील प्रकाशच काय तो दिसे; लाल रंग त्यांच्यावर जवळजवळ काळा उमटे आणि निळे आकाश कोरे पांढरे. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या प्लेटा 1906 नंतर बाजारात आल्या, आणि सर्रास वापरात यायला आणखी वेळ लागला. तेव्हा जुन्या प्लेटवरची गडद खिडकी तांबडी होती, हिरवी होती की खरोखर काळी, हे त्या करड्या छटेवरून कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर तो रंग विकतो आहे, शहर नव्हे. रंगाची लेखी नोंद हाती असेल तर आम्ही वेगळी रंगीत प्रत करून देतो आणि तिच्यावर तसे छापतो. नोंद नसेल तर नाही म्हणतो, आणि गिऱ्हाईक समोरच्याकडे जाते.

ती उलटी इमारत अजून दिनदर्शिकांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर दिसते, आता रंगीत आणि ढगांसह. आमच्याकडे त्याच प्लेटचे सुलट स्कॅन आहे, कडेच्या क्रमांकासकट, आणि भूमापकांच्या कुटुंबाची परवानगीही आहे. ज्यांना ती छापायची असेल, त्यांनी मागून न्यावी. तिचे आम्ही काही घेत नाही.