माळ घातल्यानंतरचे तीन दिवस

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरात निवृत्तिनाथांची यात्रा भरते. पंचवटीतल्या ज्या वस्तीत मी व्यसनमुक्तीचं काम करते, तिथूनही एक छोटी दिंडी निघते. त्या वर्षी दिंडीत मार्केट यार्डातला एक हमाल होता. वीस वर्षं पाठीवर गोणी आणि जवळजवळ तितकीच वर्षं देशी. आदल्या आठवड्यात वस्तीच्या बैठकीत तो उभा राहून म्हणाला, "एकादशीला माळ घालतो. मग थेंब नाही." सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या.

विचारायला हवं होतं ते मात्र विचारलं नाही. रोज किती घेता? सकाळी उठल्यावर हात कापतात का? पहिली कितीला लागते?

त्रयोदशीला पहाटे साडेपाचला त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, ह्यांच्या अंगात काहीतरी शिरलंय. लवकर या."

पोचले तेव्हा थंडीतही तो घामानं निथळत होता. भिंतीपाशी वाकून नसलेली गोणी पाठीवर घ्यायचा आणि ओरडायचा, "बाजूला व्हा, गाडी भरायचीय!" मध्येच गोधडीवरच्या मुंग्या झटकायचा. गोधडीवर एकही मुंगी नव्हती. दाराआड उभ्या असलेल्या स्वतःच्या पोरीला त्यानं ओळखलं नाही.

त्याची आई म्हणत होती, माळेला विटाळ झाला, बाहेरचं लागलंय. शेजारी क्वार्टर घेऊन आला होता, दोन घोट पाजा म्हणत. आणखी कुणी सुचवलं, जवळच्या दवाखान्यातून ग्लुकोजची बाटली लावून आणू. प्रत्येकाला त्याला वाचवायचंच होतं, म्हणून कुणावर रागावताही येईना.

दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम तुटली की तो जोर तसाच उरतो आणि त्याला आवर घालणारं काही राहत नाही. आधी हात कापतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हा असा भ्रम होतो, ताप चढतो, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतोही. शेवटची त्यानं दशमीच्या रात्री घेतली होती. मी बोटांवर तास मोजले आणि माझ्या पोटात गोळा आला. ग्लुकोजला मी ठाम नकार दिला. अशा माणसाच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

१०८ला फोन केला. आई दारात आडवी झाली. दवाखान्यात माळ काढतील, या धास्तीनं ती हलेना. माझं तिथं कुणी ऐकलं नसतं. दिंडीचे विणेकरी बाबा आले, तिच्याजवळ बसले आणि एवढंच म्हणाले, "माळ मी घातली ना माय? मग मी जातो त्याच्याबरोबर."

सिव्हिलला डॉक्टरांनी आधी बी-१चं इंजेक्शन दिलं, मग भ्रम आणि फिट रोखणारं औषध. सिस्टरनी माळेला हात लावला नाही. बाबा दोन रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. तिसऱ्या दिवशी तो गाढ झोपला. पाचव्या दिवशी पोरीकडे बघून म्हणाला, "शाळा बुडवली का गं?" बायको तोंडावर पदर धरून बाहेर गेली. मीही गेले.

पुढची वाट सरळ नव्हती. चार महिन्यांनी तो एकदा घसरला, स्वतःहून सांगायला आला, पुन्हा उपचार घेतले. माळ गळ्यातच होती.

आता बैठकीत कुणी सोडतो म्हटलं की टाळ्यांआधी मी प्रश्न विचारते. ज्यांचे हात सकाळी कापतात, त्यांच्यासाठी डॉक्टरांची वेळ आधी घेते, मग सोडण्याचा दिवस ठरतो. गेल्या महिन्यात यार्डातलाच एक तरुण उठला, "उद्यापासून बंद!" मी तोंड उघडायच्या आत मागून त्या हमालाचा आवाज आला, "सकाळी चहाचा कप धरता येतो का रे तुला? नाही ना? मग उद्या यार्डात येऊ नको. सातला माझ्या घरी ये, आपण सिव्हिलला जाऊ."