गेटडेंट्स६४ आणि पाचांत आलेली सहावी नोंद

छोटा 'एलएस' (डिरेक्टरीतल्या फाइलींची यादी छापणारी आज्ञा) स्वतः लिहिण्याच्या उपक्रमात मागच्या टप्प्यापर्यंत मी ओपनडिर आणि रीडडिर ही डिरेक्टरी उघडून वाचणारी लायब्ररीतली फंक्शने वापरत होतो. या टप्प्यात ती काढून टाकली असून आता लिनक्सचा गेटडेंट्स६४ हा सिस्टिम कॉल (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे केलेली मागणी) थेट वापरतो आहे. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २.३० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, या कॉलसाठी तयार फंक्शन मिळते. तरीही मी सिसकॉल या फंक्शनला २१७ हा क्रमांक देऊनच काम केले (६४-बिट एक्स८६ वर हाच क्रमांक आहे), कारण मध्ये कोणी नको म्हणूनच तर हा खटाटोप मांडला आहे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये हे काम फार सरळ होते. डिरेक्टरी साध्या फाइलीसारखी रीडने वाचायची. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, त्यांतले २ आयनोड क्रमांकाचे (फाइल सिस्टिममधला फाइलीचा ओळख क्रमांक) आणि १४ नावाचे. आज लिनक्सवर डिरेक्टरीला रीड लावले की ईआयएसडिर ('ही तर डिरेक्टरी आहे') ही त्रुटी परत येते.

गेटडेंट्स६४ आपण दिलेल्या बफरमध्ये (मेमरीतल्या राखीव जागेत) एकामागोमाग नोंदी भरतो आणि एकूण किती बाइट भरले ते सांगतो. शून्य आले की डिरेक्टरी संपली. नोंदीत पहिले ८ बाइट आयनोडचे, पुढचे ८ डी_ऑफचे (त्याबद्दल पुढे), मग २ बाइटांत डी_रेकलेन म्हणजे त्या नोंदीची लांबी, १ बाइट प्रकाराचा आणि (० पासून मोजता) १९ व्या स्थानापासून शून्य बाइटने संपणारे नाव. शेवटच्या शून्य बाइटसह ही सगळी बेरीज ८ च्या पटीत वर नेली जाते.

इथेच मी फसलो. पुढच्या नोंदीवर जाताना डी_रेकलेन मिळवण्याऐवजी मी स्ट्रक्टचा साइझऑफ, म्हणजे सी भाषेतल्या नोंदीच्या साच्याचा ठरलेला आकार, मिळवत होतो, आणि तो भरतो नेमका २४. चार बाइटांपर्यंतच्या नावाची नोंदही २४ बाइटांचीच होते. माझ्या चाचणीच्या डिरेक्टरीत एक टिंब (ती डिरेक्टरी स्वतः), दोन टिंबे (तिच्या वरची डिरेक्टरी) आणि एक-दोन अक्षरी रोमन नावांच्या दोन फाइली एवढेच होते, त्यामुळे आठवडाभर सगळे बिनचूक चालले. मग तिथे 'नोट्स' नावाची, टीएक्सटी विस्ताराची फाइल ठेवली. रोमन लिपीत टिंबासह हे नाव ९ बाइटांचे, म्हणजे नोंद ३२ बाइटांची. कॉलने १२८ हा आकडा परत दिला, तो बरोबरच होता. पण पाच नोंदींच्या जागी सहा छापल्या गेल्या आणि सहावीचे नाव रिकामे, आयनोड क्रमांक १,९५,४०,५१,११८.

हा क्रमांक बाइटांत फोडून पाहिला तेव्हा ४६, ११६, १२०, ११६ असे आकडे निघाले, म्हणजे आस्कीत टिंब, टी, एक्स, टी. शेवटच्या नोंदीत ३२ ऐवजी २४ बाइट पुढे सरकलेला पॉइंटर (चालू नोंदीची जागा दाखवणारा) थेट नावाच्या मध्यावर उतरला होता आणि फाइलीचा विस्तारच आयनोड म्हणून छापत होता! बफर स्टॅटिक, म्हणजे सुरुवातीला शून्यांनी भरलेला, असल्यामुळे पुढे सगळी शून्ये होती आणि प्रोग्रॅम कोसळला नाही, एवढेच. चाचणीत दोन अक्षरी देवनागरी नाव ठेवले असते तरी चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते.

बफरच्या आकाराचा हिशेबही त्याच ओघात झाला. नाव २५५ बाइटांचे असले तर नोंद २८० बाइटांची होते आणि पहिलीच नोंद बफरमध्ये मावली नाही तर ईइन्व्हॅल ही त्रुटी येते. मी सध्या ३२,७६८ बाइट ठेवले आहेत. मोठ्या डिरेक्टरीत कॉलांची संख्या त्यामुळे बरीच कमी राहते. डी_ऑफला मात्र मी हात लावत नाही. तो बफरमधला अंतराचा आकडा नसून फाइल सिस्टिमची स्वतःची खूण आहे, त्यामुळे त्यावर बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

प्रकाराच्या बाइटमध्ये ४ म्हणजे डिरेक्टरी आणि ८ म्हणजे साधी फाइल, पण काही फाइल सिस्टिम तिथे ० ठेवतात, म्हणजे प्रकार अज्ञात. तेवढ्या नोंदींपुरता एफस्टॅटअॅट करण्याचा (म्हणजे फाइलीची माहिती वेगळी विचारण्याचा) भाग लिहून झाला आहे. उपडिरेक्टऱ्या ओपनअॅट या कॉलने उघडून त्यांत उतरण्याचा भाग अजून अर्धा आहे, आणि त्यात एक टिंब व दोन टिंबे वगळण्याची ओळ या वेळी सर्वांत आधी लिहिली आहे.